महापालिकेच्या शाळेत सहावी-सातवी-आठवीचे चाचणीचे मार्क कमी का येतात आणि समितीच्या मीटिंगमध्ये काय मागायचं

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: पोरगा सोलापूरच्या पूर्व भागातल्या महापालिकेच्या शाळेत सातवीत आहे, तुम्ही स्वतः शाळा व्यवस्थापन समितीवर आहात, चाचणीत वर्गाची गणिताची सरासरी निम्म्याच्या खाली गेली, पलीकडच्या खासगी शाळेनं स्कॉलरशिपच्या बारा पोरांचे फोटो टाकून चौकात फ्लेक्स लावला आणि आपल्या शाळेची दोनच पोरं पात्र. मग शाळाच वाईट आहे का, पोराला तिथून काढू का, आणि मीटिंगमध्ये सरांना नेमकं काय विचारू?

मी अपर प्रायमरीला गणितच शिकवलं, पुढं केंद्रप्रमुख झाल्यावर सोलापुरातल्या कितीतरी शाळांचे निकालाचे तक्ते बघितले, त्यावरून सांगतो. सरासरीच्या आकड्यावरून शाळेबद्दल जवळपास काहीच कळत नाही. पोरांच्या तपासलेल्या उत्तरपत्रिका समोर घेऊन बसलात तर तासाभरात सगळं कळतंय, आणि गणितात पडलेली पोरं बऱ्याचदा गणितात पडलेलीच नसतात, ती प्रश्न वाचण्यात पडलेली असतात.

आधी कुठली परीक्षा कशासाठी असते ते बघू, कारण सगळे आकडे एकाच पिशवीत टाकून भांडणं चालतात. पायाभूत चाचणी, संकलित एक आणि संकलित दोन, ज्याला शाळेत सगळे पॅट म्हणतेत, ती 2023-24 पासून केंद्र सरकारच्या स्टार्स प्रकल्पातून चालू झाली, पेपर पुण्याहून एससीईआरटीचे, म्हणजे राज्याच्या शैक्षणिक संशोधन परिषदेचे येतात, विषय तीनच, प्रथम भाषा, गणित आणि इंग्रजी. पेपर बाहेरचा असला तरी तपासणारे आपल्याच शाळेचे शिक्षक आणि मार्क ऑनलाइन भरणारेही तेच. आता एका शाळेतले सर कडक तपासतात, दुसरीकडच्या बाई अर्ध्या पायरीलाही मार्क देतात, तर दोन शाळांच्या पॅटच्या सरासरीची तुलना करून काय हाती लागणार? वर्गात कोण कुठं अडलंय हे शिक्षकाला कळावं म्हणून ही चाचणी आहे, शाळांचा नंबर लावायला नाही. पण मार्क एकदा वर गेले की कुणीतरी त्याचा चार्ट करतंय, चार्ट आला की खालच्या शाळेच्या हेडमास्तरांना बोलावणं येतंय, आणि पुढच्या वेळेला तपासणी आपोआप सैल होते. हे सगळ्यांना माहीत असतंय.

दुसरं ते देशपातळीवरचं सर्वेक्षण. आधी त्याला नॅस म्हणायचे, 2017 ला झालं, 2021 च्या 12 नोव्हेंबरला झालं, आणि मग 4 डिसेंबर 2024 ला परख राष्ट्रीय सर्वेक्षण नावानं तिसरी, सहावी आणि नववीचं झालं. हे नमुना सर्वेक्षण आहे, काही शाळा निवडतात आणि त्यातली काही पोरं बसवतात, निकाल जिल्ह्याचा आणि राज्याचा येतो, शाळेचा येतच नाही. त्यामुळं कुणी मीटिंगमध्ये 'नॅसमध्ये आपली शाळा खाली आली' म्हणलं तर त्याला कागद दाखवायला सांगा, तसा कागद नसतोच. आणि 2017 चा निकाल टक्क्यात होता, 2021 चा 500 च्या स्केलवर, म्हणून त्या दोन वर्षांचे आकडे शेजारी ठेवून 'घसरलो' किंवा 'सुधारलो' म्हणणंही चूक. पण परखचा एक आकडा तुमच्या कामाचा आहे. सहावीच्या गणिताची देशाची सरासरी 46 टक्के आली, आणि अर्धा, पाव, पाऊण असे साधे अपूर्णांक दाखवणं आणि त्यांची तुलना करणं फक्त 29 टक्के पोरांना जमलं. म्हणजे तुमच्या पोराच्या वर्गातलं दुखणं काही फक्त तुमच्या गल्लीतलं नाही. हे सांगतोय ते शाळेला सूट द्यायला नाही, तर रोग कुठं आहे ते कळावं म्हणून. आठवीच्या पुस्तकातलं चलन, सूट व कमिशन, चक्रवाढव्याज हे सगळं त्या अपूर्णांकावर आणि शेकडेवारीवर उभं आहे आणि ते पाचवीत कच्चं राहिलेलं असतंय. आठवीच्या सरांनी कितीही घसा फोडला तरी खालचं नसताना वरचं काय राहणार.

तिसरी स्कॉलरशिप, म्हणजे फ्लेक्सवाली. ही राज्य परीक्षा परिषदेची, ओएमआरवर म्हणजे गोल काळे करायच्या उत्तरपत्रिकेवर, सगळ्या राज्याला एकच पेपर, तपासणी मशिनवर, त्यामुळं मार्क खरे असतात. पण फ्लेक्स खरा असेलच असं नाही. म्हणजे फोटो खरे असतात हो, मागचा हिशोब लपलेला असतो. समजा त्या शाळेत आठवीला दोन तुकड्या मिळून 90 पोरं आहेत, त्यांनी वर्षाच्या सुरुवातीला चाळणी लावून त्यातली 20 हुशार पोरं निवडली, त्यांचेच फॉर्म भरले, जादा तास घेतले आणि 12 पात्र झाली. ते सांगणार 60 टक्के निकाल. आपल्या शाळेत समजा आठवीत 18 पोरं आहेत, सरांनी सगळ्यांना बसवलं, दोन पात्र झाली, निकाल 11 टक्के. आता पात्र पोरांना वर्गातल्या एकूण पोरांनी भागा. तिकडं 90 पैकी 12 म्हणजे 13 टक्के, इकडं 18 पैकी 2 म्हणजे 11. राहिला का साठ आणि अकराचा फरक? वरून त्या शाळेत फी भरणारे आईबाप, घरी शिकलेलं माणूस, संध्याकाळी ट्यूशन, हे सगळं असूनही तेरा. म्हणून पात्र किती हे विचारायच्या आधी वर्गात किती होते आणि बसवले किती हे विचारायचं. आणि लहान वर्गाची सरासरी तर बघूच नका, 18 पोरांच्या वर्गात एक पोरगं म्हणजे साडेपाच टक्के, यंदा एक हुशार पोरगी दुसऱ्या गावाला गेली की शाळा 'घसरली'.

मार्क वाचायची पण एक रीत आहे. आठवीच्या स्कॉलरशिपच्या एका पेपरात 75 प्रश्न, 150 मार्क, चार पर्याय, निगेटिव्ह मार्किंग नाही, आणि त्यात जास्तीत जास्त 20 टक्के प्रश्न असे की दोन पर्याय बरोबर असतात आणि दोन्ही गोल काळे केले तरच मार्क. आता एखाद्यानं पेपर न वाचता डोळे मिटून गोल भरले तर साध्या 60 प्रश्नांत चारातला एक बरोबर येतो, 15 प्रश्न म्हणजे 30 मार्क, आणि दोन उत्तरांच्या 15 प्रश्नांत सहातली एक जोडी लागते, म्हणजे अजून पाचेक. एकूण 35. याचा अर्थ ज्या पोराला 36 पडलेत त्यानं पेपर सोडवलेलाच नाही, आणि ज्याला 54 पडलेत ते पोरगं 60 च्या, म्हणजे 40 टक्क्यांच्या रेषेपासून तीन प्रश्न लांब आहे. निकालपत्रात दोघंही 'अपात्र', दोघांच्या घरी सारख्याच शिव्या. सरांना विचारा की 45 ते 59 मध्ये किती पोरं आहेत, कारण शाळेचा निकाल पुढच्या वर्षी कुठं जाणार ते तिथं दिसतंय.

आता मुख्य गोष्टीवर येतो. सोलापूरचं एक वेगळं आहे जे पुण्यात बसून पेपर काढणाऱ्याला जाणवत नाही. पूर्व भागातल्या पोराच्या घरी तेलुगू, शेजारी कन्नड, गल्लीत खेळताना दखनी, आणि शाळेत मराठी, तीही पुस्तकातली. महापालिकेच्या उर्दू, कन्नड, तेलुगू माध्यमाच्या शाळा आहेत, स्कॉलरशिपचा पेपरही त्या माध्यमांतून देता येतो, पण पुढच्या कॉलेजचा विचार करून बरेच पालक मराठीत टाकतात, त्यात वाईट काही नाही. चार भाषा येणारं पोरगं हुशारच असतंय. पण गणिताच्या पेपरात 'एका व्यापाऱ्याने छापील किमतीवर शेकडा 10 सूट देऊनही शेकडा 8 नफा मिळवला' असं वाक्य आलं की त्याला छापील किंमत म्हणजे काय, 'देऊनही' मधला 'ही' कशाला, काहीच लागत नाही. तेच पोरगं संध्याकाळी आईच्या विड्यांच्या मजुरीचा हजारीवर हिशोब तोंडी करून दाखवतंय, किती कापले, किती हातात आले, सगळं बरोबर. मग त्याला गणित येत नाही असं कसं म्हणायचं?

हे ओळखायची एक जुनी आणि फार सोपी पद्धत आहे, ऑस्ट्रेलियात अॅन न्यूमन नावाच्या बाईंनी 1977 साली मांडलेली. पोरानं चुकवलेलं शाब्दिक उदाहरण त्याच्यासमोर ठेवायचं आणि पाच गोष्टी ओळीनं विचारायच्या. मोठ्यानं वाच. काय विचारलंय ते तुझ्या शब्दात सांग. यात काय करावं लागेल, बेरीज का गुणाकार का अजून काही? आता करून दाखव. उत्तर लिही. पोरगं ज्या पायरीला अडतंय तिथं त्याची चूक. वाचतानाच अडखळलं तर त्याला गणिताचा जादा तास लावून उपयोग शून्य. वाचलं पण अर्थ सांगता येईना तर भाषेचं काम. अर्थ सांगितला पण भागू का गुणू कळेना तर संकल्पना कच्ची. गुणाकारातच चुकलं तर पाढे. आणि सगळं बरोबर करून गोल चुकीचा काळा केला तर ती नुसती सवय, आठ दिवसात सुटते. वर्गातल्या सात-आठ पोरांना घेऊन हे केलं तर एका दुपारी होतंय, आणि माझा अनुभव असा की निम्म्याहून जास्त पोरं पहिल्या दोन पायऱ्यांवरच बसतात. पोराला विचारताना त्याच्या घरच्या भाषेत उत्तर दिलं तरी चालेल म्हणा, कुणीतरी तेलुगू समजणारं जवळ असू द्या. 'काय करलालास रे इथं?' असं आपल्या बोलीत विचारलं की पोरं मोकळी होतात, 'या उदाहरणाचे स्पष्टीकरण दे' म्हणलं की गप्प.

म्हणून मीटिंगमध्ये 'निकाल का कमी' असं विचारू नका, त्याचं उत्तर ठरलेलं आहे, पालक लक्ष देत नाहीत, पोरं गैरहजर असतात, वरून कामं फार. तिन्ही खरं आहे, पण त्यानं पुढं काही हलत नाही. त्याऐवजी सातवीच्या मागच्या पॅटच्या गणिताच्या उत्तरपत्रिका मागा आणि एक मोठा कागद. डावीकडं पोरांची नावं, वर प्रश्नांचे नंबर, बरोबरला टिक, चूकला फुली. मग दोन्हीकडून बघा. एखादा उभा रकाना सगळा फुल्यांचा असेल तर तो घटक शिकवूनच झालेला नाही किंवा खालच्या वर्गापासून राहिलेला आहे, तो सगळ्या वर्गाला परत घ्यायचा. एखादी आडवी ओळ फुल्यांची असेल तर ते एक पोरगं आहे आणि त्याचं कारण वेगळं, बहुतेक वाचन, कधी नजर (चष्म्याची तपासणी कुणी केली का बघा, फळ्यावरचं दिसत नाही म्हणून 'ढ' ठरलेली पोरं मी बघितलीत), कधी महिना महिना गैरहजर. बऱ्याच शिक्षकांना हे माहीत असतंय, वेळ मिळत नाही एवढंच. तुम्ही समितीचे दोन जण सोबत बसलात तर सर नाही म्हणणार नाहीत, फक्त सूर चौकशीचा नको.

मग मागायचं काय? पहिली मागणी अशी ठेवा की दिवाळीपर्यंत रोज 40-45 मिनिटं सहावी, सातवी, आठवी एकत्र करून वर्गाप्रमाणं नाही तर पातळीप्रमाणं गट बसवायचे. ज्याला परिच्छेद वाचता येत नाही ते सातवीतलं असो की आठवीतलं, एका गटात, ज्याला वाचता येतं पण अपूर्णांक येत नाही ते दुसऱ्या गटात. 'प्रथम' नावाच्या शिक्षणातल्या संस्थेची मंडळी हे बरेच वर्षं करतायत आणि चालतंय. 'सिलॅबस कसा पूर्ण होणार' हा प्रश्न येणारच, पण ज्या पोराला वाचताच येत नाही त्याच्यासमोर सिलॅबस पूर्ण करून कुणाचा पूर्ण होतोय? रोज दोन शाब्दिक उदाहरणं फक्त वाचायची आणि गोष्टीसारखी सांगायची, सोडवायची नाहीतच, एवढं केलं तरी फरक दिसतो. आणि उदाहरणातली माणसं आपली घ्या, टॉवेलचा डझन, चादरीची छापील किंमत, सात रस्त्यापर्यंतचं रिक्षाभाडं, नंतर पुस्तकातलं वाक्य वाचायला द्या.

दुसरं शिक्षकांचं. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याप्रमाणं सहावी ते आठवीला विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्र आणि भाषा यांना किमान एकेक शिक्षक पाहिजे आणि 35 पोरांमागं एक. तुमच्या शाळेत गणित-विज्ञानाचे पदवीधर शिक्षक आहेत का, का भाषेच्या बाईच गणित घेतायत, हे विचारा. जागा रिकामी असेल तर समितीचा ठराव करून लेखी महापालिकेच्या शिक्षण विभागात द्या आणि पोच घ्या, तोंडी सांगितलेलं कुणाच्या फाईलला लागत नाही. समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात, हे बऱ्याच समित्या विसरूनच जातात आणि सही करून चहा पिऊन येतात. बीएलओचं, म्हणजे मतदारयादीचं काम तुम्ही काढून घेऊ शकत नाही, ते कायद्यातच धरलंय, पण सगळं एकाच शिक्षकावर आणि तेही गणिताच्याच सरांवर पडू नये एवढं तरी बोलता येतंय.

हजेरीबद्दल एकच सांगतो, हजेरीच्या टक्क्यावर जाऊ नका, वार बघा. ज्या दिवशी नळाला पाणी येतंय त्या दिवशी मोठ्या पोरी घरी असतात, काही दिवसाआड पाणी येणाऱ्या शहरात हे होणारच. जानेवारीत सिद्धेश्वरची गड्ड्याची यात्रा आली की मधला आठवडा जातो, आणि तोच स्कॉलरशिपच्या तयारीचा शेवटचा महिना असायचा. त्यामुळं नवीन घटक पाणी यायच्या दिवशी घेऊ नका एवढं जरी शिक्षकांनी ठरवलं तरी खूप.

स्कॉलरशिपचं आता एक बदललंय ते लक्षात घ्या. 2016-17 पासून ती पाचवी आणि आठवीला होती, आता परत चौथी आणि सातवीला आणायचा निर्णय झालाय, म्हणजे तुमच्या पोराच्या फॉर्मचं सरांना आजच विचारा. तयारीत गाईड पाठ करण्यापेक्षा वेळेचं गणित शिकवा. 75 प्रश्नांना 90 मिनिटं, एका प्रश्नाला सव्वा मिनिटापेक्षाही थोडं कमी. पहिल्या पेपरात आधी भाषेचे 25 प्रश्न येतात, त्यात उतारे, आपली पोरं हळू वाचणारी, ती तिथंच पाऊण तास घालवतात आणि गणिताचे शेवटचे वीस प्रश्न कोरे सोडतात, तेही निगेटिव्ह मार्किंग नसताना! कोऱ्या गोलाला शून्य, भरलेल्याला निदान चान्स. घड्याळ लावून, खऱ्या ओएमआरसारख्या कागदावर, पेन वापरून आठवड्याला एक पेपर, आणि दुसऱ्या दिवशी फक्त चुकलेले प्रश्न. पेपर घेऊन मार्क सांगून सोडून दिले तर ती तयारी नाही, नुसतं मोजमाप झालं.

राहिला पोराला काढायचा प्रश्न. त्याची चाचणीची उत्तरपत्रिका घरी मागवा आणि ते पाच प्रश्न तुम्हीच विचारून बघा. वाचनात अडत असेल तर खासगी शाळेत टाकून ते सुटणार नाही, तिथं वर्गात 50-60 पोरं आणि वर इंग्रजी, अजून मागं पडेल. वाचतंय, समजतंय पण शाळेत गणिताला माणूसच नाही आणि ठराव देऊनही वर्षभर काही झालं नाही, तर शाळा बदलायचा विचार जरूर करा, त्यात कसला गुन्हा नाही. पण बदलायच्या आधी एनएमएमएस या केंद्राच्या शिष्यवृत्ती परीक्षेचा विचार करा, कारण ती परीक्षा आठवीच्या फक्त सरकारी, स्थानिक संस्थेच्या आणि अनुदानित शाळेतल्या पोरांनाच देता येते. विनाअनुदानित शाळेत गेलात की तो रस्ता बंद. निवड झाली तर नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला 12,000 रुपये. पेपर दोन, बौद्धिक क्षमतेचा 90 प्रश्नांचा आणि शालेय विषयांचा 90 प्रश्नांचा, प्रत्येकी 90 मिनिटं, दुसऱ्यात विज्ञान 35, समाजशास्त्र 35 आणि गणित फक्त 20. म्हणजे गणितात मध्यम पण वाचनात चांगलं पोरगं यात वर येतंय. आणि त्यासाठी सातवीला 55 टक्के लागतात, एससी-एसटीला 50, म्हणून हे वर्ष ढिलं सोडू नका.

पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखाच्या आत पाहिजे. उत्पन्नाचा दाखला तहसीलचा लागतो, सेतूत आठवीचे फॉर्म सुटल्यावर गर्दी होते, तर तो जून-जुलैमध्येच काढून ठेवा. पोराचं बँक खातं त्याच्या स्वतःच्या नावानं आणि आधारला लिंक केलेलं असू द्या, शाळेच्या रेकॉर्डमधलं नाव आणि आधारवरचं नाव एकसारखं आहे का बघा, तेलुगू आडनावांच्या स्पेलिंगचा घोळ आपल्याकडं नेहमीचा आहे. निवड झाली की दरवर्षी पोर्टलवर रिन्यूअल करावं लागतंय, शाळा नववीला बदलली तर नवीन शाळेतल्या क्लार्कला हे स्वतः जाऊन सांगा.